नवी गाडी सरळ कां चालत नाहीं ?



पुणें शहराला रोज लागणारा भाजीपाला, फळफळावळ, फुलें, घरसामान, बांधकामाचें साहित्य, या साऱ्याचा पुष्कळसा भार आज ज्या गाडीवर पडला आहे, तिला आपण पिकअप म्हणतों. पुढें दोनतीन माणसांपुरती केबिन, मागें उघडा हौदा, आणि टन-दीड टन ओझें वाहण्याची ताकद, एवढेंच हिचें रूप. सासवडकडून दिवे घाट उतरून, नारायणगांव-मंचरकडून नाशिकच्या रस्त्यानें, किंवा साताऱ्याकडून कात्रजच्या बाजूनें अशा गाड्या रात्रीं निघतात व दिवस उजाडण्यापूर्वीं गुलटेकडीच्या मार्केट यार्डांत पोचतात. यांतील कित्येक गाड्यांचा मालक हाच चालक असतो. गाडी कर्जावर घेतलेली असते, आणि तिच्या चार चाकांवर एका कुटुंबाचा संसार चालत असतो.

अशी गाडी नवीकोरी घरीं येते. तिला हार घातला जातो, चाकाखालीं लिंबू ठेवलें जातें, पेढे वांटले जातात. आठपंधरा दिवसांनीं चालकाच्या ध्यानांत येतें कीं, गाडी एका बाजूला ओढते. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग किंचित् उजवीकडे धरून ठेवावें लागतें. हात सैल सोडला कीं गाडी डावीकडे जाऊं लागते. तो बिचारा विक्रेत्याकडे जातो. तेथें बहुधा दोहोंपैकीं एक उत्तर मिळतें. 'नवी गाडी आहे, थोडी चालली कीं बसेल,' हें एक. आणि 'अलाइनमेंट करून देतों,' हें दुसरें. हीं दोन्ही उत्तरें खोटीं नाहींत. परंतु तीं पुरतीं खरींहि नाहींत. त्यांत खरें किती व अपुरें किती, हें आपल्यासारख्या सुशिक्षित कुटुंबांनीं समजून घेणें अगत्याचें आहे. कारण जी गोष्ट पिकअपची, तीच थोड्या फरकानें आपल्या दारांतील मोटारीची.

प्रथम चारचाकी गाडी वळते कशी, हें पाहूं. बैलगाडीला हा प्रश्न कधीं पडला नाहीं. दोन चाकें, एक आंस, आणि दिशा देणारे बैल. वळतांना सारी गाडीच बैलांमागून वळते. चार चाकांच्या जुन्या घोडागाडींत पुढचा आंस मधोमध एका खिळ्यावर फिरत असे व त्याच्याबरोबर दोन्ही चाकें फिरत. परंतु आंस तिरपा झाला कीं गाडीचा पुढचा आधार अरुंद होई आणि वेगांत ती कलंडण्याचें भय असे. म्यूनिच येथील लांकेनस्पेर्गर नांवाच्या गाड्या बनविणाऱ्या कारागिरानें यावर युक्ति काढली. आंस जागच्या जागीं स्थिर ठेवावयाचा, आणि त्याच्या दोन टोकांना दोन चाकें आपापल्या खुंटीवर वळवावयाचीं. या युक्तीचें पेटंट १८१८ सालीं इंग्लंडांत रूडॉल्फ आकरमान यानें घेतलें, म्हणून आजहि ती त्याच्याच नांवानें ओळखली जाते. दोन चाकें स्वतंत्र खुंट्यांवर वळूं लागलीं, आणि त्या क्षणापासून त्या दोघांत एकवाक्यता राखणें हें एक निराळें काम होऊन बसलें. त्या कामाचें नांव अलाइनमेंट.

याचें उत्तम उदाहरण पुण्याच्याच रस्त्यांवर घडलें आहे. हॅम्बुर्गच्या टेंपो कारखान्याच्या सहकार्यानें १९५८ सालीं सुरू झालेल्या बजाज टेंपो कंपनीनें तीनचाकी मालवाहू गाडी आणली. तिचें नांव लोकांच्या जिभेवर इतकें रुळलें कीं, आजहि चारचाकी पिकअप दारांत उभी राहिली तर पुणेकर 'टेंपो आला' असेंच म्हणतो. त्या तीनचाकीला पुढें एकच चाक होतें. एकट्या चाकाची जुळणी कोणाशीं करावयाची ? पुढें १९८८ सालीं टेल्को कंपनीनें, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सनें, टाटा मोबाइल ही पिकअप आणली व २००५ सालीं टाटा एस ही लहान मालगाडी आणली. टेंपो हें नांव राहिलें. पण पुढें चाकें दोन झालीं, आणि तीनचाकीच्या पुढच्या चाकाला जो प्रश्न कधीं पडला नव्हता, तो चारचाकीच्या मालकापुढें उभा राहिला.

आतां ही एकवाक्यता तीन कोनांवर अवलंबून असते. कारखान्यांतून कानांवर येणारे टो, कॅम्बर आणि कॅस्टर हे शब्द या तीन कोनांचेच होत.

पहिला टो. उभ्या राहिलेल्या माणसाचे दोन्ही पंजे किंचित् आंत वळलेले असावेत, तशीं गाडीचीं पुढचीं चाकें वरून पाहिलें असतां पुढल्या अंगास थोडीं जवळ किंवा थोडीं दूर असतात. दोन चाकांमधील पुढचें अंतर व मागचें अंतर यांतील हा फरक सामान्यतः थोड्या मिलिमीटरांचाच असतो. दुसरा कॅम्बर. गाडीसमोर उभें राहून पाहिलें असतां चाकाचा माथा बाहेर झुकलेला आहे कीं आंत, हें त्यावरून कळतें. तिसरा कॅस्टर. हा डोळ्यांना सहज दिसत नाहीं, पण सायकलीवरून समजतो. सायकलीच्या पुढच्या चाकाचा चिमटा सरळ उभा नसतो, मागें कललेला असतो. त्याची रेषा जमिनीपर्यंत वाढविली तर ती चाक टेकतें त्या बिंदूच्या थोडी पुढें पडते. म्हणून चाक त्या रेषेमागून ओढलें जातें व आपण होऊन सरळ होऊं पाहतें. मोटारीच्या खुंटीलाहि असाच कल दिलेला असतो. वळण संपल्यावर स्टिअरिंग हातांतून सरकत जागेवर येतें, त्यांत या कलाचा मोठा वांटा असतो.

या तीन कोनांचें काम वेगळें, म्हणून त्यांच्या बिघाडाचीं लक्षणेंहि वेगळीं. दोन बाजूंचा कॅम्बर असमान असला, तर ज्या बाजूचा माथा अधिक बाहेर झुकलेला, त्या बाजूकडे गाडी ओढते. कॅस्टर असमान असला, तर ज्या बाजूला तो कमी, त्या बाजूकडे ओढते. पुढच्या चाकांचा टो बिघडला, तर मात्र गाडी सहसा ओढत नाहीं; कारण तो दोष दोन्ही चाकें आपसांत वांटून घेतात. त्यामुळें गाडी सरळ जाते, पण स्टिअरिंगचें चाक तिरपें राहूं शकतें आणि टायर झिजतो. कामगारांच्या भाषेंत बोलावयाचें तर गाडी टायर खाते.

हें खाणें किती, याचा हिशेब सोपा आहे. टायरचा व्यास ६०० मिलिमीटर धरूं. दोन चाकांचें पुढचें व मागचें अंतर यांत योग्य मापापेक्षां ६ मिलिमीटरांची चूक असली, तर प्रत्येक चाकाच्या वांट्याला ३ आली. ६०० मध्यें ३ म्हणजे दोनशें भागांत एक भाग. अर्थात् प्रत्येक किलोमीटरला तें चाक ५ मीटर आडवें जाऊं पाहतें, आणि गाडी त्याला तसें जाऊं देत नाहीं. पुण्याहून मुंबईस जाण्यासाठीं १५० किलोमीटर धरले, तर त्या एका खेपेंत ही आडवी ओढाताण ७५० मीटरांची झाली. रबर लवचिक असल्यामुळें तें थोडें सोसतें. पण बाकीचें रस्त्यावर घांसून जातें. नव्या टायरची जोडी कांहीं महिन्यांत कां संपते, याचें उत्तर या हिशेबांत आहे.

आतां मूळ मुद्यावर येऊं. पुष्कळ पिकअप गाड्यांत पुढेंहि अखंड आंस व कमानपाटे असतात. अशा गाडींत पान्यानें सहज बदलतां येणारा कोन एकच, आणि तो म्हणजे टो. टाय रॉड फिरविला कीं तो बदलतो. कॅस्टर बदलावयाचा तर कमानपाटा व आंस यांच्यामध्यें पाचर घालावी लागते, आणि कॅम्बर तर आंसाच्या घडणींतच आलेला असतो. म्हणून 'अलाइनमेंट केली' याचा अर्थ पुष्कळदां 'टो बदलला' एवढाच असतो. गाडीची तक्रार मात्र ओढण्याची असते, आणि ओढण्याचें कारण पुढच्या टोमध्यें सहसा नसतें. मालक पैसे देतो, गाडी ओढतच राहते, तो पुन्हां जातो, पुन्हां टाय रॉड फिरतो. नाडी न पाहतां औषध द्यावें, तसा हा प्रकार होय.

मग नव्या गाडींत हे दोष येतात कोठून ? 'चालली कीं बसेल' यांतील खरेपणा येथें आहे. नवे कमानपाटे पहिल्या कांहीं हजार किलोमीटरांत खरोखरच बसतात. रबरी बुश आपली जागा घेतात. आंसाला पाट्यांशीं बांधून ठेवणारे यू बोल्ट किंचित् सैल होतात. म्हणूनच पहिल्या सर्व्हिसच्या वेळीं ते बोल्ट ठरलेल्या जोरानें आंवळावयाचे असतात. परंतु पाटे बसल्यानें ओढ नाहींशीच होईल, असें मुळींच नाहीं. एक बाजू अधिक बसली तर ती वाढेलहि. तेव्हां पाटे बसण्याची वाट पाहणें ठीक, पण त्यानंतर माप घेतलेंच पाहिजे.

दुसरें कारण टायर. टायर नवा असला तरी त्याच्या घडणींत क्वचित् अगदीं सूक्ष्म असा शंकूचा आकार राहून जातो. शेंगदाण्यांची कागदी पुडी जमिनीवर लोटून पाहा. ती सरळ न जातां टोंकाभोंवतीं गोल फिरते. तसाच हा टायर गाडीला एका बाजूस नेतो, आणि कोणताहि कोन बदलून तो दोष खरोखर जात नाहीं. तिसरें कारण हवा. एका बाजूच्या चाकांत हवा कमी असली कीं गाडी त्या बाजूला ओढते. चौथें कारण ब्रेक. एका चाकाचा ब्रेक पुरता सुटत नसला, तरी गाडी तिकडेच ओढते, आणि चालविल्यानंतर तें चाक इतरांपेक्षां अधिक तापलेलें आढळतें. पांचवें कारण ओझें. पुष्कळदां हौद्यावर मागाहून पिंजरा किंवा बंद पेटी बसविली जाते, आणि तिचें वजन दोन्ही बाजूंना सारखें नसतें. माल मागच्या आंसाच्याहि मागें लटकला, तर पुढचीं चाकें हलकीं होतात व गाडी रस्ता धरीत नाहीं. सहावें कारण पावसाळ्यांतील खड्डे. एका जोराच्या आदळण्यानें टाय रॉड वांकूं शकतो, मग गाडी एक दिवसाची कां असेना.

आणखी एक कारण गाडींत नसतेंच. तें रस्त्यांत असतें. पाणी वाहून जावें म्हणून रस्ता मध्यें उंच व कडेला उतरता बांधतात. आपण डावीकडून चालतों, म्हणून सदैव डाव्या उतारावर असतों. थोडीशी डावी ओढ त्यामुळेंच येते. तिची परीक्षा अशी : मोकळ्या सपाट मैदानावर गाडी प्रथम एका दिशेनें व मग त्याच जागीं उलट दिशेनें हळू चालवावी. दोन्ही वेळां ती आपल्या डावीकडेच गेली, तर दोष गाडींत आहे. एकदां डावीकडे व एकदां उजवीकडे गेली, तर उतार जमिनीचा आहे.

दोष गाडींत ठरला, तर तपासणीचा क्रम चुकवूं नये. आधीं चारहि चाकांची हवा थंड टायरांत मोजून पुस्तकांत दिल्याप्रमाणें करावी. मग पुढचे दोन टायर चाकांसह डावीउजवीकडे अदलाबदल करून पाहावे. ओढ बाजू बदलून आली, तर दोषी टायर सांपडला. ज्या टायरांना फिरण्याची दिशा ठरवून दिलेली असते, त्यांची अशी अदलाबदल केवळ परीक्षेपुरतीच करावी. मग ब्रेकची उष्णता पाहावी. मग यू बोल्ट, टाय रॉडचीं टोकें, खुंट्या व चाकांचीं बेअरिंगें यांत सैलपणा आहे का, तें पाहावें. सैल सांध्यावर केलेली अलाइनमेंट दुसऱ्या खड्ड्यापर्यंतच टिकते. हें सारें झाल्यावरच कोनांची पाळी येते.

टोचें स्थूल माप तर खडू, खिळा व फीत यांनींहि घेतां येतें. गाडी सपाट जागीं नीट आधारावर उचलून पुढचीं चाकें हातानें फिरवितां फिरवितां खिळ्यानें प्रत्येक टायरवर मधोमध एक रेघ काढावी. गाडी खालीं उतरवून थोडी पुढें सरकवावी, म्हणजे पाटे मोकळे होतात. मग आंसाच्या उंचीवर दोन रेघांमधील पुढचें व मागचें अंतर फितीनें मोजावें. दोहोंतील फरक हाच टो. हें माप यंत्राइतकें सूक्ष्म नसलें, तरी मोठी चूक तें लपूं देत नाहीं.

यंत्रावर गाडी नेली, तर चारहि चाकांचें माप घेण्याचा आग्रह धरावा. पिकअपच्या मागच्या आंसाला पाट्यांशिवाय दुसरा धरबंध बहुधा नसतो. पाट्यांमधला खिळा तुटला किंवा यू बोल्ट सैल झाला, तर मागचा आंसच तिरपा होतो, आणि गाडी अंग चोरून तिरपी चालते. पुढचीं चाकें कितीहि नीट केलीं तरी स्टिअरिंग वांकडें धरावेंच लागतें. ओल्या जागेवरून कोरड्या रस्त्यावर सरळ गेल्यानंतर खुणा पाहाव्या : मागच्या चाकांच्या खुणा पुढच्या खुणांपासून दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरावर असल्या तर ठीक, सगळ्या एकाच अंगाला सरकलेल्या असल्या तर मागचा आंस तपासावा. माप घेतांना गाडी रिकामी असावी कीं भरलेली, हें उत्पादकाच्या पुस्तकांत सांगितलेलें असतें, तें पाळावें. विजेच्या मोटरीचें साह्य असलेल्या स्टिअरिंगला कोन मोजणारें उपकरण असतें, त्याचाहि शून्य बिंदु अलाइनमेंटनंतर पुन्हां ठरवून घ्यावा लागतो.

आणि सर्वांत महत्त्वाचें, छापील कागद मागावा. त्यावर दुरुस्तीपूर्वींचे व दुरुस्तीनंतरचे सर्व कोन दोन्ही बाजूंचे असतात, आणि उत्पादकानें दिलेल्या मर्यादाहि असतात. पूर्वींचे आंकडे नसलेला कागद निरुपयोगी समजावा. मर्यादेंत असणें पुरेसें नाहीं, हेंहि लक्षांत ठेवावें. डावा कोन मर्यादेच्या एका टोकाला आणि उजवा दुसऱ्या टोकाला असला, तर दोन्ही मर्यादेंत असूनहि गाडी ओढेल.

कोणी म्हणेल, नवी गाडी तपासणी होऊनच बाहेर पडते ना ? पुण्याच्या टेकडीवर १९६६ सालीं स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही संस्था गाड्यांची परीक्षा करते, हें आपणांस ठाऊक आहे. पण अशी मान्यता त्या जातीच्या गाडीच्या नमुन्याला असते. आपल्या दारांत उभी असलेली गाडी त्या नमुन्यासारखी आहे कीं नाहीं, हें त्या गाडीचें माप घेऊनच कळतें.

कायदाहि या बाबतींत मुका नाहीं. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ९८ वा नियम सांगतो कीं, स्टिअरिंगच्या चाकाचा मोकळा झोल ३० अंशांहून अधिक नसावा. घड्याळांत बारापासून एकपर्यंतचें अंतर म्हणजे ३० अंश. ही रस्त्यावर येण्याची शेवटली मर्यादा आहे; नव्या गाडींत एवढा झोल आढळला, तर तो दोषच समजावा. अलाइनमेंट ही बाब हमींतून बहुधा वगळलेली असते किंवा आरंभींच्या थोड्या काळापुरतीच तींत असते. म्हणून हमीपत्र गाडी घेतांनाच वाचावें, आणि पहिल्या सर्व्हिसच्या वेळीं तक्रार तोंडी न सांगतां लेखी द्यावी : गाडी किती किलोमीटर चालली, कोणत्या बाजूस ओढते, रिकामी असतां कीं भरलेली असतां, ब्रेक लावतांना कीं एरवींहि. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यांत व्यापारासाठीं घेतलेली वस्तु वगळली आहे, हें खरें. परंतु स्वयंरोजगारानें पोट भरण्यासाठीं जो स्वतःच ती वापरतो, त्याला ग्राहक मानलें आहे. पिकअपच्या मालक-चालकाला या ओळीचा मोठा आधार आहे. मात्र तक्रार दोन वर्षांच्या आंत आयोगापुढें गेली पाहिजे, आणि तेथें ते छापील कागदच त्याच्या वतीनें बोलतात.

हा सारा खटाटोप टायरांच्या किमतीपुरताच आहे, असें मात्र कोणी समजूं नये. कोन बिघडलेला टायर पुष्कळदां आंतल्या कडेनें झिजतो. बाहेरून तो नवा दिसतो, आणि आंतून त्याचे धागे उघडे पडलेले असतात. भरलेली गाडी रात्रीं दिवे घाट उतरत असतां असा टायर फुटला, तर पुढचें सांगावयास नको. शिवाय जो मनुष्य तीनचार तास स्टिअरिंग एका बाजूस ओढून धरून बसतो, त्याचे खांदे व मनगटें आंबून जातात, आणि अचानक कांहीं आडवें आलें तर त्याचा हात मंदावतो.

तेव्हां माझी विनंति एवढीच. आपल्या घरीं, आपल्या दुकानांत, आपल्या सोसायटींत जो टेंपोवाला नेहमीं येतो, त्याच्याशीं या विषयावर दोन शब्द बोला. पुढच्या टायरच्या आंतल्या कडेवरून एकदां हात फिरवून पाहावयास त्याला सांगा; आणि हौद्यांत मावतें म्हणून ठरल्यापेक्षां अधिक सामान भरण्याचा आग्रह त्याला करूं नका. आपल्या स्वतःच्या गाडीची पुढची सर्व्हिस असेल, तेव्हां आधींचे व नंतरचे आंकडे असलेला तो कागद मागून घ्या, आणि गाडीच्या इतर कागदांबरोबर तो जपून ठेवा.